एका रव्याचे तेरा तुकडे

रावसू आप्पांच्या गुऱ्हाळातून आणलेला एकच रवा
मी खलात कुटला, चाळला, कालवला
आणि तेरा पुड्या बांधल्या, काट्यावर तोलून.
एक नैरोबीला, एक रॉटरडॅमला, एक ओसाकाला,
एक कालीला.
ते कोलंबियातलं शहर आहे, देवीचं नाव नव्हे,
कुरियरच्या पोराला दोनदा सांगावं लागलं.
तेरावी माझ्यापाशी, शिरोलीच्या एमआयडीसीत.

प्रश्न एकच: या गुळात गंधक किती?
नियम एकच: कुणी कुणाच्या वहीत डोकवायचं नाही.

मी उकळलं, थेंब मोजले,
लालाचं पिवळं होताना श्वास धरला.
एकेचाळीस.
सतरा वर्षांचा हात आहे माझा, पुन्हा बघितलंसुद्धा नाही.

पंधरवड्यानं सगळ्या वह्या एकदम उघडल्या.
त्रेसष्ट, बासष्ट, पासष्ट, परत बासष्ट,
आणि तळाशी
पंगत उठल्यावर आलेल्या पाहुण्यासारखा
माझा एकेचाळीस.
खरं सांगते, पहिला विचार आला,
बाराही जण चुकले असतील.
गूळ आमचा, त्यांना काय कळणार!

रात्री आठला यामिलेचा फोन, कालीहून.
तिच्याकडे सकाळचे साडेनऊ, केस अजून ओले.
तिचं इंग्रजी माझ्याइतकंच खडबडीत,
म्हणून नीट कळलं.
चुकलीस, असं ती म्हणाली नाही.
म्हणाली, काचेच्या सांध्यांना साबणाचं पाणी लावून बघ,
मी एकदा वर्षभर फसले होते.

तिसऱ्या सांध्यावर एक बुडबुडा आला.
मोहरीएवढा.
फुटला, आणि तिथंच दुसरा आला.

तिथून निघून जात होतं गंधक, दर वेळी थोडं,
आणि जे उरत होतं त्याखाली
मी सही करत होते: सुनीती चौगुले, विश्लेषक.

जानेवारीपासूनचे एकशे अठरा दाखले.
ती फाईल मांडीवर घेऊन मी मार्केट यार्डात फोन लावत बसले.
एकजण म्हणाला, खाऊन पचला बी असंल मॅडम.
एकानं ठेवूनच दिला.
आमचे साहेब म्हणाले, एवढं जाहीर करायची गरज होती का?
रॉटरडॅमच्या फान डायकनं एवढंच लिहिलं:
इकडे आलेल्या मालाची यादी दे, मी पुन्हा तपासतो.
आणि खाली, जणू सहज:
आमचा तराजू दोन वर्षं खोटं बोलत होता.

रविवारी गुऱ्हाळावर गेले. काहिलीत रस फुगत होता,
चुलवाणात चिपाड तडतडत होतं,
खांबामागं हायड्रॉसची पिशवी, अर्धी झाकलेली.
आप्पा म्हणाले, पिवळाधमक दिसला तर सौद्यात बोली चढती.
काळ्या रव्याकडं कोण बघतंय? तू बघतीस?
मी गप्प.
माझ्याही घरात पिवळाच असतो.

मग मोबाईल त्यांच्यासमोर धरला.
पडद्यावर यामिले, हातात कसल्याशा झाडाची साल,
पाण्यात चोळून तार काढून दाखवत होती,
त्यांच्याकडे यानंच मळी वर आणतात म्हणे.
आप्पांनी मान पुढं केली, डोळे बारीक केले.
"आरं, ही तर आपल्या भेंडीची भाऊबंद!"
आणि जरा थांबून,
"इचार तिला, तिकडं बी लोक पिवळ्यालाच भुलत्यात काय?"
मी विचारलं.
ती हसली नाही. हो म्हणाली.
आप्पांनी बराच वेळ काहिलीत ढवळलं.

पुढचं आधण त्यांनी नुसत्या भेंडीवर काढलं.
सौद्यात दर पडला, ते मला फोन करून ऐकवलंही,
शिवी मला की बाजाराला, कळलं नाही.

आज पुन्हा तेरा पुड्या बांधते आहे.
सांधे नवे, साबणाचं पाणी बशीत तयार.
रवा काळसर, बोटांना चिकटतोय.
कालीच्या खोक्यात एक चौदावी पुडी टाकली,
तिच्यावर नंबर नाही.
ती तपासायला नाही,
चहाला.